जमीन करणारीचं नाव

हस्तलिखित सातबारा ज्यांनी पाहिला आहे त्यांना आठवत असेल, खालच्या 'बारा'च्या भागात पिकांच्या रकान्यांबरोबर 'जमीन करणाराचे नाव' असाही एक रकाना असायचा. कूळकायद्याच्या काळात या रकान्याने महाराष्ट्रात कित्येक घरं उभी केली आणि कित्येक मोडली. जमीन कोण कसतं याचा तो पुरावा होता. कुळाचं नाव तिथे लागलं की मालकाची झोप उडायची. नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात मी तलाठी म्हणून रुजू झाले तेव्हा कुळांचा जमाना संपला होता. पीक पाहणीला निघालं की एकेका गटासमोर त्या रकान्यात 'खुद्द' एवढंच लिहीत जायचं. वर 'सात'मध्ये ज्याचं नाव, तोच जमीन करतो. मग तो त्या वेळी राशीनच्या बाजाराला गेलेला असो, पुण्यात गाडी चालवत असो की पारावर बसलेला असो. वावरात खुरपत असायची ती त्याची बायको, आई, सून, नाहीतर रोजानं आलेली बाई. तिच्यासाठी नमुन्यात रकाना नव्हता, आणि तो पाडायचा अधिकार मला नव्हता.

माझी नोकरीच एका धोरणातून आलेली. १९९४ साली महाराष्ट्राने महिला धोरण आणलं आणि सरकारी नोकऱ्यांत बायकांना ३० टक्के जागा ठेवल्या. त्याच वर्षी राज्याने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका जन्मसिद्ध हक्क दिला. केंद्राला तेच करायला २००५ उजाडावं लागलं. म्हणजे एकाच वर्षी बाईच्या हातात दप्तर आलं आणि त्या दप्तरात नाव लागण्याचा हक्कही आला. पहिली गोष्ट घडली, मी आणि माझ्यासारख्या पुष्कळजणी तलाठी झालो. दुसरी अजून नीट घडायची आहे. सगळी नोकरी त्या दप्तरात डोकं घालून काढल्यावर आणि आता निवृत्त झाल्यावर हे मी मोकळेपणाने म्हणू शकते.

कर्जत हा अवर्षणप्रवण तालुका, पण सगळा एकसारखा कोरडा नाही. खाली भीमेच्या काठी, उजनीच्या फुगवट्याच्या गावांत ऊस उभा असतो. सीनेच्या बाजूला, मिरजगावच्या पट्ट्यात ज्वारी, तूर, उडीद आणि पावसाची वाट. मधे कुकडीचा कालवा. त्याचं आवर्तन टोकापर्यंत पोचतं की नाही, यावर गावोगावी राजकारण चालतं. रेहेकुरीच्या अभयारण्यात काळवीट चरतात तसलीच मुरमाड, हलकी जमीन पुष्कळांच्या वाट्याला आलेली. पाण्याप्रमाणे पीक बदलतं आणि पिकाप्रमाणे बायकांचं काम बदलतं. कमी मात्र होत नाही. कालवा आला की कांदा येतो, आणि कांद्याएवढं वाकायला लावणारं पीक दुसरं नाही.

ज्वारीचंच घ्या. मालदांडी पेरायला ट्रॅक्टर येतो आणि एक गडी सकाळच्या सकाळी दोन-तीन एकर उरकून घरी जातो. पूर्वी नांगरणी, कुळवणी, पेरणीला बैल आणि पुरुषाचा जीव लागायचा, ते काम यंत्राने घेतलं. त्यानंतरची खुरपणी मात्र आजही उकिडवं बसून, हातात खुरपं घेऊन होते. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं राखायची. मग काढणी. रब्बीची ज्वारी आमच्याकडे मुळासकट उपटतात. उन्हाने कडक झालेलं ताट दोन्ही हातांनी ओढताना तळव्याची सालं निघतात. म्हणून बायका बोटांना चिंध्या गुंडाळतात, साडीवर नवऱ्याचा नाहीतर पोराचा जुना फुल शर्ट चढवतात आणि डोकं घट्ट बांधून घेतात. नंतर कणसं मोडायची, कडब्याच्या पेंढ्या बांधायच्या. मळणीला पुन्हा यंत्र आणि पुन्हा गडी. पोतं भरलं की ते बाजारात न्यायचं काम पुरुषाचं, आणि पट्टीही त्याच्या नावाची.

शेतीत सुधारणा झाली नाही असं नाही. ती निवडून निवडून पुरुषांच्या कामात झाली. बाईच्या कामात जी एक सुधारणा आली ती तणनाशक. त्याने तिचा कणा वाचवला आणि रोजगार बुडवला.

सरकारी आकडे हेच वेगळ्या भाषेत सांगतात. २०२३-२४च्या श्रमबल पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या कामकरी बायकांपैकी जवळपास ७७ टक्के शेतीत होत्या, पुरुषांपैकी ४९ टक्के. पुरुष शेतीतून बाहेर पडतो आहे, बाई तिथेच राहते आहे. आणि २०१५-१६च्या कृषी गणनेत वहितीधारक म्हणून बायकांचं प्रमाण होतं जेमतेम १४ टक्के. हे दोन आकडे शेजारी मांडले की माझ्या दप्तराची सगळी गोष्ट त्यात येते.

मजुरीचं बोलायचं तर समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला. वावरात तो कुणी पाहिलेला नाही. गड्याचा रोज वेगळा, बाईचा वेगळा, हे इतकं अंगवळणी पडलेलं की त्याचं कारण विचारलं तर लोक विचारणाऱ्याकडेच बघतात. 'गडी जड काम करतो' हे ठरलेलं उत्तर. पाठीवर फवारणीचा पंप घेऊन चालणं जड आणि दिवसभर वाकून कांद्याची रोपं लावणं हलकं, हे कुणी आणि कशावर मोजलं? रोजगार हमीच्या कामावर बायका एवढ्या संख्येने का येतात, याचंही उत्तर इथेच आहे. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्राने हे काम सुरू केलं तेव्हापासून खडी फोडायला, पाझर तलावाची माती वाहायला बायका पुढे असत. तिथे दर कामाला असतो, बाई की पुरुष हे बघत नाहीत. २०२५मध्ये राज्यात तो दिवसाला ३१२ रुपये झाला, दोघांनाही तेवढाच.

तरी बायकांनी आपली एक वाट काढली आहे, ती म्हणजे उक्तं. कांदा लागणीच्या दिवसांत सकाळी सकाळी पिकअपमधून बायकांच्या टोळ्या निघतात. रोजावर न जाता एकराचा दर ठरवून काम घेतात. एकदा पीक पाहणीला गेले असताना बांधावर असाच सौदा चालला होता. टोळीची मुकादम पन्नाशीची बाई होती. आल्या आल्या तिने दर सांगितलाच नाही. आधी रोपाची जुडी उचलून मुळं बघितली, वाफ्यात पाय घालून ओल बघितली आणि विचारलं,

"पाणी कवा सोडणार?"

"रातची लाईट आहे, दहानंतर," शेतकरी म्हणाला.

"मग आज निम्मंच लावू. सुकं लावून रातभर ठेवलं तर रोप बसायचं नाही. आणि रोप जून झालंय तुमचं, पात छाटून घ्यावी लागंल. त्याचं वेगळं."

"मागल्या साली एवढ्यातच केलं होतं की."

"मागल्या साली तुमचा कांदा काय भावानं गेला ते सांगू का?"

तो हसला. दर ठरला तिच्या म्हणण्याच्या जवळपास. मी तिला नंतर विचारलं, घरची जमीन आहे का? होती, दोन एकर, नवऱ्याच्या नावावर. विहिरीवर मोटर बसवायला कर्ज हवं होतं. नवरा पुण्याला, तो सहीला यायचा तेव्हा सोसायटीचे सचिव भेटायचे नाहीत. तिला सोसायटीचं सभासद होता येत नव्हतं कारण तिच्या नावावर गुंठाभरही नव्हता. पाणी, रोप, माणसं आणि पैसा एवढं सगळं एका नजरेत तोलणारी ही बाई सरकारच्या लेखी शेतकरी नव्हती. ती 'शेतमजूर' होती, आणि घरच्या वावरात तर तेही नाही. तिथे ती नुसती हातभार लावणारी.

दुधाची गोष्ट याहून सरळ. नगर जिल्हा दुधाचा आहे, दुष्काळात शेती गेली तरी दोन गायी घर तारतात. पहाटे उठून शेण काढणं, धारा काढणं, चारा आणणं, कुट्टी करणं, पाणी दाखवणं, गाय आजारी पडली तर रात्रभर गोठ्यात बसणं, हे सगळं बाईचं. किटली मोटरसायकलला अडकवून संकलन केंद्रावर नेणं पुरुषाचं. फॅट लागलं की पावती त्याच्या हातात, दहा दिवसांचं बिल त्याच्या खात्यात. किटली नेणाऱ्याला वीस मिनिटं लागत असतील. मोजणी तिथे होते म्हणून पैसाही तिथेच लागतो. देशाची २०२४ची वेळ-वापर पाहणी सांगते की घरातल्या बिनपगारी कामाला ते काम करणारी बाई दिवसाची २८९ मिनिटं देते आणि पुरुष ८८. आमच्याकडच्या गोठ्याचं काम पुष्कळदा याही हिशेबाच्या बाहेर राहतं, कारण बाईला विचारलं तर ती म्हणते, 'काही नाही, घरीच असते.'

दुष्काळ आला की हे उघडं पडतं. २०१८च्या ऑक्टोबरात सरकारने राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि पुढच्या उन्हाळ्यात तालुक्यात ठिकठिकाणी चारा छावण्या उघडल्या. छावणी तपासणं हे आमचं काम. रजिस्टरला पशुपालकाचं नाव पुरुषाचं, आणि दावणीला जाऊन बघावं तर जनावरांपाशी कितीतरी बायका. पाचटाच्या नाहीतर साडीच्या आडोशाखाली चूल मांडलेली, अंथरूण तिथेच, शेजारी पोराचं दप्तर. पुरुष बदलून बदलून येत. काही कामाच्या शोधात पुण्याकडे गेलेले. जनावरं सोडून जायला मात्र बाईला कुणी मोकळं केलं नव्हतं. एक म्हातारी मला म्हणाली, "बाई, घरी पाणी नाही, इथं टँकर येतो. गायीच्या नशिबानं माझी अंघोळ होती." ती हे हसत म्हणाली. मी रजिस्टरात जनावरांची संख्या बरोबर आहे एवढी सही केली. माणसं मोजायचा कागद माझ्याकडे नव्हता.

तालुक्याच्या कोरड्या गावांतून दिवाळीनंतर उसाच्या तोडीला जोड्या निघतात. उचल मिळते ती कोयत्यावर, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. ऊस तोडून मोळ्या बांधणं दोघांचं, मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढणं बाईचंही, पण करार मुकादमाचा नवऱ्याशी. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९मध्ये विधिमंडळात गाजला आणि सरकारला समिती नेमावी लागली. ज्या व्यवहारात बाईचं नावच नाही, त्यात तिची सुट्टी, पाळी, बाळंतपण कुठे येणार?

वरवर ज्यात बाई-पुरुष असा भेद दिसत नाही, तिथेही तो असतो. शेतीची वीज आठवड्यातून काही दिवस रात्रीची. नियम सगळ्यांना सारखा. पण रात्री बारा वाजता विहिरीवर जाऊन मोटर चालू करणं, पाटाचं दार मोडणं हे एकट्या बाईला सारखं नाही. उसाच्या फडात बिबट्याची भीती, आणि माणसांची भीती त्याहून जुनी. कोपर्डी आमच्याच तालुक्यातली. तिथे शाळकरी मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला, त्या २०१६च्या जुलैनंतर कितीतरी घरांत मुलींनी एकटं वस्तीवर जाणं बंद झालं. नवरा गेलेल्या बायका मला सांगत, 'दिवसाची लाईट द्या, बाकी आम्ही बघतो.' ज्यांना दीर-भाऊ बोलावणं परवडत नव्हतं, त्यांनी पाण्याखालचं रान पुन्हा कोरडवाहू करून टाकलं. कागदावर ती जमीन बागायतच राहिली.

आता नावाचा मुद्दा. खातेदार वारला की वारस नोंदीचा अर्ज येतो. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, पोलीस पाटलाकडे आणि शेजाऱ्यांकडे चौकशी, मग नमुना सहा-क ला नोंद, त्यावरून फेरफार, नोटिसा, आणि मुदत संपल्यावर मंडळ अधिकाऱ्याची सही. अर्ज आला की मी आधी मुलींची नावं शोधायची. अनेकदा ती नसतच. एकदा वडील वारल्यावर दोघं भाऊ आले होते, आई आणि तिघी बहिणी बाहेर ओट्यावर बसलेल्या. अर्जात आई आणि दोन मुलं एवढंच.

"बहिणी?" मी विचारलं.

"त्यांची काही तक्रार नाही मॅडम. त्यांना सोडायचंच आहे. मग नाव लावून पुन्हा कमी करायचा खटाटोप कशाला?"

"वारस आहेत तर नावं लागणारच. सोडायचं असेल तर नंतर निबंधकांकडे नोंदणी करून हक्कसोड करा."

बहिणींना आत बोलावलं. मधलीने माझ्याकडे न बघता विचारलं, "नाव लागल्यावर सोडावंच लागतं का?"

"नाही. तुमची इच्छा असेल तरच."

थोरला लगेच म्हणाला, "लग्नं कुणी केली? दिवाळीला साडी कोण नेसवतं?" त्यावर आई जे बोलली ते त्याला अपेक्षित नव्हतं. ती म्हणाली, "लग्नाच्या आधी धा वर्षं त्यांनीच खुरपलंय ते रान. तू तवा शाळेत होतास." सगळी नावं लागली. पुढे दोघींनी हक्कसोड करून दिलं, मधलीने दिलं नाही. काही दिवाळ्या तिची भाऊबीज बंद होती, नंतर पुन्हा सुरू झाली. जमीन आजही भाऊच कसतो आणि सुगीला तिच्या वाट्याची ज्वारी पोचवतो. फार मोठी क्रांती नाही. पण नवऱ्याच्या अपघातात कर्ज झालं तेव्हा आपल्या पाठीशी काहीतरी आहे असं त्या तिघींपैकी फक्त तिलाच वाटलं, हे तिने स्वतः मला सांगितलं.

हक्क सोडण्यामागे सगळ्या वेळी जबरदस्ती नसते, हेही सांगायला हवं. माहेर तुटेल ही भीती खरी असते. सासरी नांदताना संकट आलं तर परतायला एकच दार असतं आणि ते भावाचं असतं. म्हणून बाई जमीन देऊन ते दार उघडं ठेवते. तिचा हिशेब चुकीचा नाही. भावाचं दार वाटा न देताही उघडं राहील असं आपण गृहीत धरतो, आणि बहिणीने वाटा घेतला तर ते बंद होणं रास्त मानतो, चूक तिथे आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२०मध्ये विनीता शर्मा खटल्यात निर्वाळा दिला की वडील २००५ साली हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्माने आहे. कायद्याच्या बाजूने आता फारशी फट उरलेली नाही. उरली आहे ती दहाव्याच्या दिवशीची घाई.

मुलीला निदान कायदा आहे. बायकोला नवऱ्याच्या हयातीत त्याच्या जमिनीवर नाव मिळणं हे त्याच्या मर्जीवर. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला शेतकरी बायकांचं अधिवेशन भरवलं आणि पुढे लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: घरच्या लक्ष्मीच्या नावे जमिनीचा तुकडा करून द्या. हजारो शेतकऱ्यांनी तसं केलं. १९९२मध्ये सरकारनेही लक्ष्मी मुक्ती म्हणून नवऱ्याच्या अर्जावरून सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लावायची सोय केली. माझ्या नोकरीत असे अर्ज इतके थोडे आले की बोटं पुरून उरतील. मी ओळखीच्या शेतकऱ्यांना सुचवायची. उत्तर बहुधा एकच: "तिला काय कमी आहे मॅडम?" कमी काय आहे हे कळायचं तो गेल्यावर.

कारण कागद लागतो तेव्हा सगळंच कागदावर चालतं. गारपीट झाली की पंचनामा खातेदाराच्या नावाने, अनुदान त्याच्या खात्यात. पीएम किसानचे वर्षाचे ६००० रुपये जमीनधारकाला. सोसायटीचं पीककर्ज सातबाऱ्यावर. २०२१ला ई-पीक पाहणी आली आणि शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवर पिकाचा फोटो काढून नोंद करायची सोय झाली. चांगली सोय, पण मोबाइल असतो पोराच्या हातात. कुठल्या वाफ्यात हरभरा आणि कुठल्या तुकड्यात करडई हे आईला माहीत, ओटीपी पोराला. आता तर शेतकरी ओळख क्रमांक आला. १५ एप्रिल २०२५पासून राज्यात कृषी योजनांसाठी तो सक्तीचा झाला, आणि तो मिळतो सातबाऱ्यावरच्या नावावरून. म्हणजे जिचं नाव नाही ती आता संगणकालाही शेतकरी म्हणून दिसणार नाही. जुन्या दप्तरात निदान तलाठी वावरात जाऊन डोळ्यांनी तिला बघत तरी होता.

नुसत्या नावाने सगळं होतं असं मी म्हणणार नाही. कमाल जमीन धारणेचा कायदा आला तेव्हा बड्या घरांनी जमीन वाचवायला बायकांची नावं भराभर लावली. त्यांतल्या काहींना आपण किती एकरांच्या मालकीण आहोत हे शेवटपर्यंत कळलं नाही. बायकोच्या नावे ठिबकचं अनुदान घेऊन तिला बँकेत फक्त अंगठ्यापुरतं नेणारेही मी पाहिले. नाव म्हणजे निर्णय नव्हे. पण निर्णयाकडे जायला दुसरी वाटही नाही. नवऱ्याने आत्महत्या केलेल्या घरी मी चौकशीला गेले आहे. जिथे तिचं नाव आधीपासून होतं तिथे सासरे-दीर तिच्याशी बोलून पेरणी ठरवत. जिथे नव्हतं तिथे वारस नोंद होईपर्यंत दिराने वावर पेरून टाकलेलं असे, आणि ते पुढे त्याचंच होऊन बसे. नाव असूनही वावर हातचं गेलेल्या बायका मी पाहिल्या, पण नाव नसताना ते टिकवलेली एकही आठवत नाही.

याच जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि त्यांना पद्मश्री मिळाली. बी राखणं हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बायकांचंच काम. शेजारच्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०पासून खेड्यातल्या, पुष्कळशा निरक्षर बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन गावोगाव उभं केलं. बाईला जमत नाही हा मुद्दा आमच्या भागात केव्हाच निकालात निघाला आहे. उरला आहे तो द्यायचं की नाही एवढाच. जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या अहिल्याबाई होळकरांचं नाव २०२४मध्ये अख्ख्या जिल्ह्याला दिलं. त्याचा मला आनंद आहे. जिल्ह्याच्या पाटीवर बाईचं नाव लावायला जमलं, सातबाऱ्यावर लावायला तर मंत्रिमंडळाची बैठकही लागत नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे शेतकरी महिलांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. मेळावे होतील, फेटे बांधले जातील, सत्कारही होतील. माझं म्हणणं फार छोटं आहे आणि ते या वर्षात कुणालाही करता येण्यासारखं आहे. आपल्या घरचा सातबारा ऑनलाइन काढा आणि नावं वाचा. त्यावर आई, बायको, बहीण नसेल तर त्याचं कारण घरात मोठ्याने विचारा. नवऱ्याला बायकोच्या नावे शेतजमीन बक्षीसपत्राने करून द्यायची तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. दोघांनी मोटरसायकलमध्ये तेल टाकून कर्जतला जाऊन यायलाही साधारण तेवढेच लागतात. वारस नोंदीचा अर्ज करताना बहिणीचं नाव गाळू नका, आणि वडिलांच्या दहाव्याला तिच्यापुढे हक्कसोडीचा विषय काढू नका. हक्क सोडायचा की नाही, याचा तिला निदान वर्षभर विचार करू द्या. दुधाचं बिल, धारा जी काढते तिच्या खात्यावर घ्या, आणि त्या खात्याचं कार्ड तिच्याकडेच राहू द्या.

आणि ज्या बाया हे वाचत असतील त्यांना सांगते: तुमच्या गावच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, म्हणजे तलाठ्याला, नियमाप्रमाणे आलेला अर्ज घ्यावाच लागतो आणि त्याची पोचही द्यावी लागते. अर्ज स्वतः घेऊन जा, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.